नवीन मॉन्स्टर मॅन्युअल: वाघमाणूस आला, चांदी मागे राहिली

आधीच सांगते, हा अख्ख्या पुस्तकाचा रिव्ह्यू नाहीये. डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा टेबलभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ, त्याचं नवीन मॉन्स्टर मॅन्युअल, फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेलं, ३८४ पानांचं जाडजूड पुस्तक आहे, पाचशेच्या वर मॉन्स्टर आहेत त्यात, आणि ते सगळे टेबलवर आणायला मला अजून तीन-चार वर्षं लागतील. मी कसून वापरलीत ती शेवटाकडची पानं, जिथे वेअरबेअर, वेअरबोअर, वेअररॅट, वेअरटायगर आणि वेअरवुल्फ (अस्वल, रानडुक्कर, उंदीर, वाघ आणि लांडगा होणारी माणसं) हे पाचजण ओळीने बसलेत, आणि मधला एक राक्षस, ज्याच्यावर मी शेवटी येते कारण त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही.

हीच पानं का, तर आमच्या कॅम्पेनचा, म्हणजे सेशनमागून सेशन चालणाऱ्या कथेचा, मेन व्हिलन वाघमाणूस आहे. रेशमाचा व्यापारी, गावात मान, देवळाला देणगी देणारा, आणि पौर्णिमेच्या तीन रात्री दुकान बंद. २००९ मध्ये नागपूरला कॉलेजात असताना मी त्याला खेळाच्या नियमांच्या ३.५ एडिशनमध्ये बनवला, २०१६ ला पुण्यात नवीन ग्रुप जमला तेव्हा फिफ्थ एडिशनमध्ये आणला, आणि आता या नवीन पुस्तकात. एकच कॅरेक्टर तीनदा कन्व्हर्ट केलंय, त्यामुळे कुठे काय गळतं आणि कुठे काय सुधारतं हे मला आकड्यानिशी माहितीये.

जुनी वही अजून आहे माझ्याकडे. दोनशे पानी, मधल्या पानावर पेन्सिलने तीन कॉलम आखलेत, माणूस, वाघ आणि अर्धा-अर्धा, आणि खोडरबराने इतक्यांदा खोडलंय की कागद तिथे पातळ झालाय. कारण ३.५ मध्ये लायकॅन्थ्रोप (प्राण्याचं रूप घेणारा माणूस) हा टेम्प्लेट होता, म्हणजे तयार मॉन्स्टर नाही तर कुठल्याही माणसावर चढवायचा एक थर. वाघाचे सहा हिट डाइस (जीव किती ते ठरवणारे फासे) त्याच्या स्वतःच्या लेव्हलमध्ये मिळवायचे, वाघाच्या किंवा अर्ध्या रूपात स्ट्रेंग्थ १२ ने वाढणार, डेक्स्टेरिटी ४ ने, कॉन्स्टिट्यूशन (दणकटपणा) ६ ने, मग कॉन्स्टिट्यूशन वाढली की हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) बदलले, त्याबरोबर सेव्ह (संकट टळतं का ते बघायचा फासा) बदलले, आणि रूप पालटलं की परत सगळं पहिल्यापासून. एका कॅरेक्टरला माझी आख्खी संध्याकाळ जायची. पण त्या मेहनतीत एक गोष्ट होती, तो आधी व्यापारी होता आणि मग वाघ. त्याची पाचवी लेव्हल, त्याचं बोलण्यातलं कसब, हिशोबातली हुशारी, हे सगळं वाघाच्या खाली तसंच शाबूत राहायचं.

आणि चांदी. वाघाच्या किंवा अर्ध्या रूपात जन्मजात वाघमाणसाला डॅमेज रिडक्शन १०, चांदी सोडून. म्हणजे साध्या तलवारीने ९ डॅमेज केलं तर शून्य, १३ केलं तर ३. चावल्यामुळे झालेल्याला हेच ५. आणि जो स्वतः चावल्यामुळे झालाय तो पुढे कुणाला देऊ शकत नाही, रोग फक्त जन्मजातवाल्याकडूनच येतो. हा एक नियम म्हणजे आख्खी डिटेक्टिव्ह कथा आहे हो, कारण गावात चार लोक बाधले तर मूळचा एकच असणार आणि तो शोधल्याशिवाय थांबणार नाही. उतारा पण असाच. चावल्यापासून तासाभरात बेलाडोना ही वनस्पती खाल्ली तर डीसी २० चा सेव्ह मिळतो, म्हणजे फाशावर एकूण २० गाठायचे, नाहीतर तीन दिवसांत बाराव्या लेव्हलचा क्लेरिक (देवाच्या कृपेने जादू करणारा) गाठा, नाहीतर मग पौर्णिमेच्या तीन दिवसांतच रिमूव्ह कर्स हा शाप उतरवायचा स्पेल करायचा. प्लेअर लोक अक्षरशः कॅलेंडर घेऊन बसायचे.

२०१४ च्या, म्हणजे फिफ्थ एडिशनच्या, मॉन्स्टर मॅन्युअलने हे सगळं सोपं केलं. टेम्प्लेट गेला, तयार स्टॅट ब्लॉक (आकड्यांच्या चौकटी) आले. वेअरटायगर म्हणजे एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १२, हिट पॉइंट १२०, चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड) ४, बस. जादूचं नाही आणि चांदीचंही नाही अशा हत्याराने मारलं तर काहीच होत नाही, शून्य. रिडक्शनपेक्षाही कडक. तेव्हा मला वाटलं होतं की एवढं सोपं केल्यावर मजा जाईल पण नाही गेली, कारण चांदी होती.

त्या वेळचा एक प्रसंग सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. प्लेअर हँडबुकात एका हत्यारावर चांदी चढवायला १०० गोल्ड लागायचे. पार्टी तिसऱ्या लेव्हलला, सगळ्यांचे खिसे मिळून सत्तरच्या आसपास गोल्ड, आणि पौर्णिमा दोन दिवसांवर. सोनाराकडे गेले, सोनार मी करत होते, म्हटलं उधारी नाही. टेबलवर दोन मिनिटं कुणी बोललंच नाही. मग आमच्या रेंजरने, जी एरवी फार बोलत नाही, तिने कॅरेक्टर शीटच्या मागची बाजू उलटली, तिथे तिने पहिल्या सेशनला स्वतःहून लिहिलेलं होतं, "आईचे पैंजण". म्हणाली, हे वितळवा. मी आवाज जरा हळू करून विचारलं, एकदा वितळले की परत नाही मिळायचे, चालेल ना? ती म्हणाली, एका पायातलं वितळवा, एक मी ठेवते. दहा बाण झाले त्याचे. त्यातले चार वाघमाणसाला लागले आणि प्रत्येक बाण सुटताना आम्हाला सगळ्यांना माहिती होतं तो कशाचा आहे.

आता नवीन पुस्तक. त्या पाचही जणांच्या स्टॅट ब्लॉकमध्ये चांदीचा उल्लेखच नाहीये. इम्युनिटी काढून टाकली, साधी तलवार पण पूर्ण लागते. कारण मला समजतं, खोटं नाही बोलणार, खालच्या लेव्हलला ज्या पार्टीकडे ना जादूची हत्यारं ना चांदी, त्यांचा फायटर नुसता बसून राहायचा आणि जादूवाले एकटे लढायचे, आणि नवीन डीएमच्या (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या) लक्षात यायच्या आत सगळी पार्टी आडवी व्हायची. त्याबदल्यात बाकीचे आकडे वाढवले. वेअरवुल्फ ५८ वरून ७१ हिट पॉइंटवर आलाय, एसी ११-१२ वरून १५, वर पॅक टॅक्टिक्स (सोबती शेजारी असला की वार जास्त लागतो) दिलंय. वेअररॅट ३३ वरून ६० झालाय. वेअरबोअर ७८ वरून ९७. वेअरबेअर १३५ च आहे पण एसी १०-११ वरून १५ केलाय.

आणि वेअरटायगर? १२० होता, १२० च आहे. एसी १२ होता, १२ च आहे. इम्युनिटी मात्र गेली. पाचांपैकी ज्याला सगळ्यात जास्त भरपाई हवी होती त्याला काहीच मिळाली नाही. मी हे तीनदा तपासलं कारण मला वाटलं माझीच नजर चुकतेय. आमच्या पाचव्या लेव्हलच्या चौघांनी माझ्या व्यापाऱ्याला, ज्याच्या मागे ते कितीतरी महिने होते, अडीच राउंडमध्ये संपवला असता, मी मध्येच नदीत उडी मारायला लावली म्हणून वाचला. आणि त्याच फाइटमध्ये माझ्या मामेभावाने विचारलं, ताई, चांदीची तलवार काढू का, त्याने ती दोन वर्षं जपून ठेवलेली होती खास याच दिवसासाठी. नवीन डंजन मास्टर गाइडमध्ये सिल्व्हर्ड वेपन आहे, पण त्याचा उपयोग एवढाच की रूप बदललेल्या प्राण्यावर क्रिटिकल लागला, म्हणजे फाशावर वीस पडले, तर डॅमेजचा एक डाय जास्त. म्हणजे विसात एकदा. मी त्याला नियम वाचून दाखवला आणि त्याचा चेहरा जो उतरला ना, तो मला त्या रात्री झोपताना पण दिसत होता.

पण या पुस्तकाने वाघाला एक गोष्ट इतकी अचूक दिलीये की त्यासाठी मी बाकी बरंच सोडायला तयार आहे. प्राउल म्हणून बोनस ॲक्शन (टर्नमधली जास्तीची चाल) आहे, वाघाच्या किंवा अर्ध्या रूपात. आपल्या स्पीडइतकं हलायचं, कुणाला ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटताना मारायचा वार) मिळत नाही, आणि हलून झालं की लगेच लपता येतं. आधी पाउन्स होतं, सरळ रेषेत पंधरा फूट धावून पंजा मारायचा आणि पाडायचं. वाचायला ते भारी वाटतं, पण मी विदर्भातली आहे, ताडोब्यात लहानपणापासून जातेय, आणि वाघ बघितलेल्या कुणालाही विचारा, त्याच्या धावण्यापेक्षा अंगावर काटा येतो तो त्याच्या दिसेनासं होण्याने. एकदा जिप्सीपासून वीस-पंचवीस फुटांवर वाघीण उभी होती, पूर्ण दिसत होती, गवत गुडघ्याएवढं पण नव्हतं, ती दोन पावलं तिरकी चालली आणि नाहीच. आम्ही सहाजण एकाच जागी बघत होतो आणि सहाही जणांना दिसली नाही. वाघ दबा धरतो, ते या नियमात पहिल्यांदा आलंय. टेबलवर लावून बघा, गोदामात रेशमाच्या गठ्ठ्यांमध्ये सोडा त्याला, मारतो, सरकतो, गायब. प्लेअरांना कळत नाही पुढच्या टर्नला कुठून येणार. आमचा विझार्ड पाठ भिंतीला लावून उभा राहिला तो फाइट संपेपर्यंत हललाच नाही.

शापाचा नियम पण बदललाय आणि इथे माझं मन दोन्हीकडे ओढतं. आता चावल्यावर कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, वाघाला डीसी १३, फेल झालात तर शापित, आणि मग शापित माणूस शून्य हिट पॉइंटवर आला की पडण्याऐवजी तिथल्या तिथे वेअरटायगर होऊन उठतो, १० हिट पॉइंटवर, डीएमच्या ताब्यात. हे आमच्याकडे घडलं. पॅलाडिन पडला, सगळे हीलिंग पोशन शोधतायत, आणि मी मामेभावाची मिनिएचर उचलून त्या जागी वाघाची ठेवली. कुणी काही बोललं नाही, गल्लीतला भाजीवाला ऐकू येत होता एवढी शांतता. इतका जबरदस्त सीन मला जुन्या कुठल्याच नियमाने दिला नव्हता, जुन्यात चावा लागला की तीन आठवड्यांनी पौर्णिमेला काय ते कळायचं आणि तोवर प्लेअर विसरलेला असायचा.

पण मग पुढे काय? जुन्या पद्धतीत बाधलेला माणूस माणूसच असायचा, महिनाभर डोक्यावर ओझं घेऊन फिरायचा, घरच्यांना सांगायचं की नाही, पौर्णिमेला स्वतःला साखळीने बांधून घ्यायचं की नाही. २०१४ च्या पुस्तकात तर प्लेअरने लायकॅन्थ्रोप व्हायचं झालं तर काय करायचं याची वेगळी चौकट होती, वाघाला स्ट्रेंग्थ १७ वगैरे. नवीन नियमात सगळं त्या एका क्षणावर आणून ठेवलंय.

आणि जो बदल वरवर बघता कुणाच्या लक्षात येत नाही पण कन्व्हर्ट करताना सगळ्यात जास्त नडतो तो म्हणजे टाइप. आधी हे सगळे ह्युमनॉइड होते, शेपचेंजर. आता मॉन्स्ट्रॉसिटी केलेत. याचा परिणाम असा की माणसाला खिळवणारा होल्ड पर्सन चालत नाही, भुलवणारा चार्म पर्सन चालत नाही, कारण हे स्पेल फक्त ह्युमनॉइडवर चालतात. आता माझा व्यापारी बघा. त्याची सगळी कथा लपवाछपवीवर उभी आहे. नवीन नियमाने बाजारात कुणी त्याच्यावर चार्म पर्सन टाकला तर तो फुकटच जाणार, वरून सेव्ह झाल्यासारखं दिसतं, पण तेच परत परत झालं की प्लेअरला शंका येणार, हा माणूस नाही. पंधरा वर्षांचं गुपित पहिल्या लेव्हलच्या स्पेलने धोक्यात. आणि त्याहून मला लागतं ते हे की आमच्या कथेत त्याची दहा वर्षांची मुलगी आहे, बाधलेली, आणि पुस्तक म्हणतं ती मॉन्स्ट्रॉसिटी. नाही. ती मुलगी आहे, जिला महिन्यातून तीन रात्री त्रास होतो. मी टाइप ह्युमनॉइडच ठेवलाय आणि तुम्हीही ठेवा असं अगदी मनापासून सांगेन.

तर आता मी काय करते ते सांगते, पाच सेशन वापरून झालंय आणि चाललंय. स्टॅट ब्लॉक नवीन पुस्तकातला, प्राउलसकट. एसी १२ चा १५ केला, वेअरवुल्फला दिला तसा. इम्युनिटी परत नाही आणली, कारण फायटरला रिकामं बसवायचं नाही. त्याऐवजी फोर्थ एडिशनमधून उचललं. २००८ च्या त्या पुस्तकात वेअरवुल्फला रीजनरेशन ५ (दर टर्नला ५ हिट पॉइंट भरून येणं) होतं आणि चांदीचा घाव बसला की त्याच्या पुढच्या टर्नला ते बंद. मी वाघाला १० दिलंय. म्हणजे साधी तलवार लागते, रक्त येतं, पण जखम डोळ्यांदेखत भरून येते, आणि चांदी लागली की नाही भरत. हे वर्णन करायला पण किती छान आहे बघा, आणि प्लेअर दोन राउंडमध्ये स्वतःच ओळखतात, नियम सांगावा लागत नाही. शून्यावर वाघ होऊन उठणं ठेवलंय, पण माणूस शुद्धीवर येतो आणि शाप राहतो, आणि रिमूव्ह कर्स फक्त पौर्णिमेच्या तीन रात्रीच, ३.५ सारखं. मूळ जन्मजातवालाच रोग देतो हेही परत आणलं. फोर्थ एडिशनला लोक नावं ठेवतात, पण हा एक नियम त्यांचा सोन्यासारखा आहे.

अजून जुनं, म्हणजे १९७७ च्या पहिल्या मॉन्स्टर मॅन्युअलमधलं काही आणायचं असेल तर आकड्यांना भुलू नका. तिथे एसी उलटा असतो, कमी तितका चांगला, वेअरटायगरचा ३ आहे म्हणजे वीसमधून वजा करून आजचा १७. हिट डाइस ६+२, म्हणजे सरासरी तीसेक हिट पॉइंट, आणि बघून वाटतं किती किरकोळ. पण चांदी किंवा जादूचं हत्यार नसेल तर त्याला काही म्हणजे काही होत नव्हतं, आणि त्याच्या चाव्यांनी तुमचे निम्मे हिट पॉइंट गेले आणि तुम्ही वाचलात, तर तुम्ही बाधलात, सेव्ह वगैरे काही नाही. आकडे लहान पण दहशत मोठी होती.

राक्षस. वाघाच्या डोक्याचा, उलट्या हातांचा, हवं ते रूप घेणारा. हा १९७७ च्या त्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्येही आहे, आणि आपण मारीच, वातापी यांच्या गोष्टी ऐकत मोठे झालो, मायावी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, म्हणून मी याच्याकडे नेहमीच जरा जास्त कडक नजरेने बघते. वाघाचं डोकं आपल्या कुठल्या गोष्टीत मी ऐकलेलं नाही, पण तळहात मागच्या बाजूला असणं मला पटतं, कारण हडळीचे पाय उलटे असतात हे आपल्याकडे लहान पोरालाही माहिती, रूप कितीही बदललं तरी एक खूण राहतेच. तर सगळ्यात जुन्या नियमात त्याला क्लेरिकने मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो जागीच मरायचा. ३.५ मध्ये त्याचं झालं डॅमेज रिडक्शन १५, चांगल्या आणि टोचणाऱ्या हत्याराशिवाय. २०१४ ला झालं चांगल्या माणसाच्या हातातलं जादूचं टोचणारं हत्यार. आणि आता? ज्याच्यावर ब्लेस स्पेल चालू आहे त्याच्या हातचं टोचणारं हत्यार, दुप्पट डॅमेज. मंतरलेला बाण परत आला! ब्लेस पहिल्या लेव्हलचा स्पेल, कुठल्याही क्लेरिककडे असतो, पण माहिती पाहिजे. हिट पॉइंट ११० वरून २२१ केलेत म्हणजे माहिती नसेल तर मारत बसा. जुन्यातलं मूळ शोधून नव्या भाषेत बसवणं म्हणतात ते हे, आणि ज्यांना राक्षसासाठी हे सुचलं त्यांना त्याच पुस्तकात वाघमाणसासाठी का नाही सुचलं याचंच मला वाईट वाटतं.

पुस्तक म्हणून छपाई उत्तम, चित्रं देखणी आहेत, वेअरटायगरचं तर मी मोबाइलवर लावलंय. छापील किंमत ४९.९९ डॉलर, आपल्याकडे येईपर्यंत वाढते, माझं ऑनलाइन मागवलेलं होतं आणि खोक्यात नुसतं सैल टाकलेलं आलं, वरचा कोपरा पार मुडलेला, बदलून मागितलं तर तीन आठवडे नुसती उत्तरं मिळाली म्हणून शेवटी ठेवून घेतलं. शक्य असेल तर दुकानात जाऊन हातात घेऊन घ्या. आणि पैसे घालायच्या आधी एक करा, हे पाचही लायकॅन्थ्रोप आणि राक्षस एप्रिल २०२५ ला आलेल्या फुकट एसआरडी ५.२ मध्ये (खेळाच्या मूळ नियमांचा मोफत दस्तऐवज) आहेत, तिथे वाचून बघा. नवीन डीएम असाल तर घ्याच, चालवायला २०१४ पेक्षा खूपच सोपं आहे, रूप बदललं तरी एकच आकडे, पान उलटावं लागत नाही. जुनं कॅम्पेन पुढे नेत असाल तर हे घ्या पण जुनं विकू नका, निदान लायकॅन्थ्रोपची ती पाच-सहा पानं हाताशी ठेवा.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. यातला अर्धा एकट्या प्राउलचा.

येत्या रविवारी आमच्या कथेत पौर्णिमेची दुसरी रात्र आहे. रेंजरच्या शीटवर पैंजण अजून एक शिल्लक आहे, आणि काल तिचा मेसेज आला, एका पैंजणात तलवार होईल की परत बाणच?